वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाइन

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सगळी पुस्तकं सांगतात. हा नियम युरोपातल्या दगडी घरांत ठरला. तिथल्या खोलीत पंधरा ते अठरा अंश असतात. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, तुयेत, एप्रिलच्या संध्याकाळी पडवीवर तीस अंश असतात आणि शापोरा नदीवरून येणारा वाराही ओलसर असतो. एवढ्या उष्णतेत अल्कोहोलच आधी नाकात चढतं आणि वाइनचं बाकी सगळं म्हणणं त्याखाली दबतं. त्यामुळे चव घेण्याची तयारी आम्ही फ्रिजपासून सुरू केली. व्हाइटच्या बाटल्या दुपारीच आत गेल्या होत्या, रेडच्या चाखण्याआधी अर्धा तास.

बाटल्या पाच होत्या आणि सगळ्या नाशिकच्या एकाच वाइनरीच्या. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात वाइनचं द्राक्ष तग धरत नाही. घाटापलीकडे नाशिकला, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. मग घड थंडीत पिकतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. तिकडे तोडणी संपत येते तेव्हा पेडण्यात काजूचे बोंडू पिकून पडायला लागलेले असतात.

त्या काजूमुळेच आमच्या पंगतीत आबा होते. त्यांचा उभा जन्म फेणीच्या भट्टीवर गेला. झाडावरून आपोआप पडलेला बोंडूच घ्यायचा, तोडलेला नाही. तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. पहिल्या वाफेची हुर्राक, तिच्यात पुन्हा रस घालून काढलेली फेणी. हुर्राकीत पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, फेणीत चाळिशीच्या वर. फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. आबांना या दोन्ही गोष्टींचं फारसं अप्रूप नाही. ते बाटली हलवून वरचा फेस किती वेळ टिकतो ते पाहतात, दोन थेंब तळहातावर चोळतात, उग्रपणा उडून जाऊ देतात आणि मग मागे राहिलेला वास घेतात. जोर किती ग्रावचा, म्हणजे अंशांचा, आहे, ते मापाने नंतर पडताळतात. वाइनबद्दल मात्र त्यांचं म्हणणं एवढंच होतं : ‘ते शहाण्यांचं काम.’

हे म्हणणं पेडण्यात पुष्कळांचं आहे आणि त्याला इतिहासही आहे. तिसवाडी, बारदेश, सालसेत या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादींत वाइन मिसेत आणि टेबलावर दोन शतकांहून अधिक काळ रुळली होती, तेव्हा पेडणे सावंतवाडीकरांकडे होतं. ते पोर्तुगिजांकडे गेलं 1788मध्ये. आमच्या घरांत वाइन आली ती फार उशिरा, आणि आली तीही बहुतेक गोड पोर्टच्या रूपात. गोड नसलेली वाइन ही बिघडलेली वाइन, असं आमच्या शेजारच्या मास्तरांना त्या संध्याकाळपर्यंत प्रामाणिकपणे वाटत होतं.

कार्यक्रमाची सूत्रं मोरजीच्या एका हॉटेलात स्टुअर्ड असलेल्या आमच्या पुतण्याकडे होती. त्याने उदबत्ती विझवायला लावली. वहिनींनी केसांतला जाईचा गजरा काढून देवघरात ठेवला. टेबलावर पांढरी चादर, पिण्याचं पाणी आणि साधा पाव एवढंच ठेवलं, मासळी नंतर. मग त्याने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गळ्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या अडकवल्या. कुठल्या कागदात काय आहे, हे फक्त त्याला माहीत.

ही झाकपाक खेळासाठी नव्हती. 2001मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन दिली आणि तीच वाइन वास नसलेला लाल रंग घालून पुन्हा दिली. रंगवलेल्या ग्लासाचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला इतकं फसवत असेल, तर किंमत आणि लेबल काय करत असतील?

ग्लास निमुळत्या तोंडाचे, जेमतेम पाव भरलेले. रिकाम्या जागेत वास साठतो, म्हणून ती जागा महत्त्वाची. ग्लास चादरीवर तिरका धरून कडेचा रंग पाहायचा. व्हाइट वयाबरोबर गडद होत जाते, रेडचा जांभळेपणा ओसरून ती विटकरी होते. ग्लास फिरवल्यावर आतल्या बाजूने ओघळ उतरतात. मास्तरांनी ते पाहून ‘उंची माल’ असा शेरा दिला. त्यावर आबा म्हणाले, फेणीलाही येतात, जोर असेल तर जास्त येतात. आबांचं बरोबर होतं. जेम्स थॉमसनने 1855मध्येच याचं कारण सांगितलं : काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि थेंब होऊन खाली येतो. त्यावरून दर्जा कळत नाही.

पहिली व्हाइट. फिकट, किंचित हिरवट. पुस्तकात या वासाला गूसबेरी म्हणतात. आमच्यापैकी कुणी गूसबेरी पाहिलेलीही नाही. वहिनी म्हणाल्या, कैरीचा चीक आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तो वास. ही सोव्हिन्यों ब्लांक निघाली. ढोबळी मिरचीला आणि या द्राक्षाला तो हिरवा वास देणारं रसायनांचं कूळ एकच आहे. घोट तोंडात घोळवून गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटत राहिलं. आंबटपणा मोजायची याहून सोपी पट्टी नाही : लाळ जितकी सुटेल आणि जितका वेळ सुटेल, तितकं आम्ल. थुंकायला बादली ठेवली होती, तिच्याकडे आबांनी दुःखाने पाहिलं. पण पाच वाइन चाखायच्या तर तिला पर्याय नाही. तिसऱ्या ग्लासानंतर सगळंच छान लागायला लागतं.

दुसरी आणि तिसरी यांच्यात संध्याकाळचा खरा ऐवज होता. दुसरीला पेरू आणि अननसाचा ताजा वास, चव मागे जरा गोडसर. तिसरी रंगाने पिवळी, वासाला उकडलेल्या फळासारखी, तोंडात बोथट. मार्क वीसपैकी द्यायचे होते. दुसरीला सगळ्यांनी तेरा-चौदा दिले, तिसरीला आठाच्या वर कुणी गेलं नाही. कागद काढले तर दोन्ही बाटल्या एकच : तीच शेनिन ब्लांक, तेच लेबल, तेच साल. दोन नंबरची एका दुकानाच्या फ्रिजमधून घेतलेली. तीन नंबरची दुसऱ्या दुकानाच्या दर्शनी काचेतून, जिथे दुपारचं ऊन पडतं आणि रात्री ट्यूबलाइट जळते. उन्हाळ्यात तापलेली वाइन अशी शिजते आणि ग्राहक नावं ठेवतो नाशिकच्या वाइनरीला. एका जोडीवरून सिद्धान्त मांडता येणार नाही, पण ही खूण तोंडाने एकदा ओळखली की विसरत नाही.

मग रेड. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा बिनरंगी असतो. रंग सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात. सालीबरोबर, बियांबरोबर टॅनिन उतरतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि हिरड्या खरखरीत होतात. इथे मास्तर गोंधळले. आबांनी त्यांना दोन वाक्यांत समजावलं : बोंडू खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तेच हे. बोंडूच्या तुरटपणामागेही टॅनिनच असतं. शहाण्यांच्या कामातला सगळ्यात अवघड शब्द आबांना लहानपणापासून तोंडपाठ होता.

चौथ्या ग्लासात मला काळी मिरी आली, वहिनींनाही. आबांनी दोनदा हुंगून विचारलं, ‘मिरी खंय?’ वाद घालण्यात अर्थ नव्हता. ही शिराज होती. मिरीला आणि शिराजला तो वास देणारं रोटंडोन हे एकच द्रव्य असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008मध्ये दाखवलं, आणि त्यांच्या चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला ते भरपूर असूनही जाणवलंच नाही. पोफळीवर चढलेल्या मिरवेलीखाली आयुष्य काढलेल्या माणसाचं नाकही याला अपवाद असेलच असं नाही. म्हणून कागदावर स्वतःला आलं तेच लिहायचं. शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं की पाचही कागदांवर मिरी उगवते.

पाचवी कॅबर्ने सोव्हिन्यों. ओकच्या पिंपाचा व्हॅनिला, मागे इतका तुरटपणा की पाव खावा लागला. काचेच्या जगमध्ये ओतून तासभर ठेवल्यावर ती जरा निवळली, तरी दोन वर्षं थांबायला हवं होतं असं सगळ्यांचं मत पडलं. मास्तरांनी तिला सर्वांत कमी मार्क दिले आणि पहिल्या नंबरच्या सोव्हिन्योंला सर्वांत जास्त. गोड नसलेली वाइन बिघडलेली असते, हे मत त्यांनी स्वतःच्याच हस्ताक्षरात खोडलं.

शेवटी बांगड्याचं तिखलं आलं, तिरफळं घातलेलं. कॅबर्नेबरोबर त्याची चव तोंडात धातूसारखी झाली. रेडमधल्या लोहामुळे मासळीचा उग्रपणा वर येतो, हे 2009मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. सोव्हिन्यों ब्लांकने मात्र तेच तिखलं हलकं केलं.

मार्कांची बेरीज केली तेव्हा सोव्हिन्यों पहिली, शिराज दुसरी, थंड राहिलेली शेनिन तिसरी, कॅबर्ने चौथी आणि तापलेली शेनिन शेवटची. म्हणजे एकाच वाइनरीची एकच वाइन तिसरीही आली आणि पाचवीही. बाटली बंद झाली की वाइनरीचं काम संपतं. पुढचं ट्रक, दुकान आणि आपला फ्रिज यांच्या हाती. व्हाइट घेताना बाटलीवरचं साल पाहावं, काचेतली नको म्हणून आतली मागावी, आणि नावडली तर तीच वाइन एकदा दुसऱ्या दुकानातून आणून, कागदात गुंडाळून, पुन्हा चाखावी. त्यानंतर वाइनरीला नावं ठेवायला हरकत नाही.