पाम तेलगिरणीचे सांडपाणी आणि सागरी यीस्ट

पाम तेलाच्या गिरणीत फळांचे घड वाफेवर शिजवून, कुटून व दाबून तेल काढले जाते. त्यावेळी निघणारे दाट, तपकिरी व आम्लधर्मी सांडपाणी विषारी नसले, तरी त्यातील स्निग्धांश व सेंद्रिय घनपदार्थ जलाशयातील प्राणवायू झपाट्याने संपवितात. मलेशियात ते बहुधा उघड्या तळ्यांत अवायुजीवी पद्धतीने कुजविले जाते. त्यास कित्येक आठवडे व पुष्कळ जागा लागते आणि मिथेन वायू हवेत मिसळतो.

या संदर्भात ओसवाल, सरमा, झिंजर्डे व पंत यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन लक्षणीय आहे. त्यांनी वापरलेले ‘यारोविया लिपोलिटिका’ हे यीस्ट मुंबईच्या तेलदूषित समुद्रजलातून मिळविलेले असून पुणे येथील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात ३५८९ या क्रमांकाने नोंदलेले आहे. मुंबई बंदराच्या पलीकडचा काठ म्हणजे रायगडचा किनारा. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल उरण-अलिबागकडेही पोहोचले होते. अशा पाण्यात तेलावर जगणारे सूक्ष्मजीव आढळावेत, हे स्वाभाविकच होय.

हे यीस्ट लायपेज विकर स्रवते. त्यायोगे स्निग्ध रेणूंचे ग्लिसरॉल व मेदाम्लांत विघटन होते आणि पेशी त्यांचे अन्न म्हणून ग्रहण करतात. मात्र हे यीस्ट वायुजीवी असल्याने हवा अखंड पुरवावी लागते, आणि विजेचा खर्च तेथेच होतो.

भारतातील एका गिरणीच्या या सांडपाण्याची रासायनिक प्राणवायू मागणी (सी.ओ.डी.) लिटरला सुमारे २,५०,००० मि.ग्रॅ., तर जैविक मागणी (बी.ओ.डी.) केवळ ११,००० मि.ग्रॅ. होती. ही तफावत बोलकी आहे: बी.ओ.डी. चाचणीच्या अल्प मुदतीत सामान्य जीवाणूंना यातील फारच थोडा भाग पचविता आला असावा. यीस्टने दोन दिवसांत सी.ओ.डी. सुमारे ९५ टक्क्यांनी घटविली. त्यानंतर रासायनिक किलाटक व बागेतील मातीतून वाढविलेला जीवाणूसमूह वापरल्यावर ती १,५०० मि.ग्रॅ. वर आली, म्हणजे एकूण घट ९९ टक्के.

येथे टक्केवारीने भुलून जाऊ नये. ९५ टक्के घटीनंतरही सुमारे १२,५०० मि.ग्रॅ. शिल्लक राहतात, आणि अंतिम १,५०० हा आकडादेखील भारतीय मानकातील २५० मि.ग्रॅ. या मर्यादेच्या सहापट आहे. नदी असो वा खाडी, मर्यादा तीच. म्हणून असे पाणी सोडण्यापूर्वी वायुजीवी प्रक्रियेचा आणखी एक टप्पा आवश्यक ठरतो. वाढलेले यीस्टही गाळून वेगळे काढावे लागते, अन्यथा त्याच्या पेशीच पुन्हा सी.ओ.डी. वाढवितात.