मनसा (उपाधी)

मनसा ही पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याच्या सम्राटांची उपाधी होय. मांदिंका भाषेत या शब्दाचा अर्थ 'राजा' किंवा 'सत्ताधीश' असा होतो. सुप्रसिद्ध सम्राट मनसा मुसा याच्यामुळे हा शब्द जगभर पोचला. मात्र त्यामुळेच 'मनसा' हा त्याच्या नावाचा भाग असल्याचा गैरसमजही रूढ झाला. वास्तविक त्याचे नाव मुसा. मनसा हे त्याचे पद होते. त्याच्या आधी व नंतर अनेक मनसा होऊन गेले.

उगम
१३व्या शतकाच्या पूर्वार्धात मांदिंका लोकांच्या प्रदेशावर सोसो राज्याचा राजा सुमाओरो कान्ते याचे वर्चस्व होते. सुंदियाता केइता याने विखुरलेल्या मांदिंका प्रमुखांना एकत्र आणून किरिना येथील लढाईत (इ.स. १२३५च्या सुमारास) सुमाओरोचा पराभव केला. या विजयातून माली साम्राज्याचा पाया घातला गेला. सुंदियाताची कथा 'ग्रिओ' या परंपरागत गायक-निवेदकांनी पिढ्यानपिढ्या मुखोद्गत राखली. वंशावळी स्मरणात ठेवणे, राजाची स्तुती करणे आणि प्रसंगी त्याला पूर्वजांच्या कीर्तीची आठवण करून देणे, ही ग्रिओंची कामे असत.

प्रमुख मनसा
इतिहासकार इब्न खल्दून याने मनसांची क्रमवार यादी दिली आहे. तिच्यानुसार सुंदियाताचा मुलगा मनसा वली याने हज यात्रा केली. पुढे सत्तेवर आलेला साकुरा हा राजघराण्याचा मुक्त केलेला गुलाम होता. सिंहासन नेहमीच बापाकडून मुलाकडे जात नव्हते, हे यावरून दिसते.

मनसा मुसा (कारकीर्द अंदाजे इ.स. १३१२ ते १३३७) इ.स. १३२४ मध्ये हजला जाताना कैरो येथे थांबला. तेथे त्याने एवढे सोने वाटले व खर्च केले की सोन्याचा भाव उतरला. अल-उमरी हा लेखक सुमारे १२ वर्षांनंतर लिहितो, की पूर्वी एका मिथकाल सोन्याचा भाव २५ दिरहमांखाली जात नसे. यात्रेनंतर तो २२ दिरहमांवर किंवा त्याहूनही खाली आला. परतीच्या प्रवासासाठी मात्र मुसाला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढावे लागले. इ.स. १३७५च्या कातालान नकाशासंग्रहात तो हाती सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दाखविला आहे. त्याला 'जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य' म्हटले जाते. परंतु त्याच्या संपत्तीची मोजदाद समकालीन साधनांत कोठेही नाही. त्यामुळे आजच्या चलनातील आकडे ग्राह्य धरता येत नाहीत.

मुसाचा भाऊ मनसा सुलेमान याच्या काळात, इ.स. १३५२-५३ मध्ये, इब्न बतूता हा प्रवासी मालीत आला. त्यापूर्वी तो दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी काझी होता आणि दौलताबादलाही जाऊन आला होता. तुघलकाच्या उधळपट्टीची सवय झालेल्या या पाहुण्यास सुलेमानाने पाठविलेला आहेर, म्हणजे तीन भाकऱ्या, तळलेले गोमांस आणि भोपळ्यातील दही, फारच तुटपुंजा वाटला. तरीही येथे अन्याय क्वचितच घडतो व वाटसरूस चोराचे भय नाही, असे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे.

संबंधित संज्ञा
फरबा: मनसाचा प्रांतातील प्रतिनिधी.
कासा: पट्टराणी. इब्न बतूताच्या मते ती राज्यकारभारात भागीदार असे आणि मशिदीतील प्रवचनपीठावरून मनसाबरोबर तिचेही नाव घेतले जाई.
मिथकाल: सोने तोलण्याचे वजन, सुमारे सव्वाचार ग्रॅम.
तगाझा: सहारातील मिठाच्या खाणींचे गाव. येथील घरे मिठाच्या लाद्यांची व छपरे उंटाच्या कातड्याची होती. खाणीत गुलाम राबत. दक्षिणेकडील सोने व उत्तरेकडील मीठ यांच्या देवघेवीवर मालीची समृद्धी उभी होती.

ऱ्हास
वारसाहक्काच्या कलहांमुळे १४व्या शतकाच्या उत्तरार्धात मनसांची सत्ता दुबळी झाली. इ.स. १४६८ मध्ये सोंघाईचा राजा सुन्नी अली याने तिंबक्तू जिंकले. त्यानंतर या प्रदेशातील वर्चस्व सोंघाईकडे गेले व इ.स. १४९३ पासून तेथील सम्राट 'अस्किया' ही उपाधी लावू लागले.

ऐतिहासिक साधने
मनसांविषयीची माहिती दोन प्रकारच्या साधनांतून मिळते: अरबी ग्रंथ आणि ग्रिओंची मौखिक परंपरा. अरबी लेखकांपैकी अल-उमरी व इब्न खल्दून यांनी माली प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांनी इतरांकडून ऐकून लिहिले. मौखिक परंपरेत सुंदियाताला मोठे स्थान आहे, तर मुसाचा उल्लेख तुलनेने कमी आढळतो. बाहेरच्यांना सोने वाटणारा राजा लक्षात राहिला आणि घरच्यांना राज्य उभारणारा. म्हणूनच मालीचा इतिहास समजून घेताना दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.