राणीच्या अंगावरची मलमल

अठराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारघराण्यातली बाई म्हटली की डोक्यावर भलामोठा पांढरा विग हवाच, अशी आपली पक्की समजूत. पण बहुतेकींचे केस स्वतःचेच असत. आत उशा भरायच्या, वर गंगावनं जोडायची, मलम चोपडायचं आणि त्यावर पिष्टाची पूड उडवायची. अशा केशरचनेवर बसवलेलं ते प्रसिद्ध नकली जहाज 1778च्या एका सागरी चकमकीनंतरचं. आपल्यापर्यंत ते पोचलं छापील फॅशनचित्रांतून. ही चित्रं म्हणजे रोजच्या पोशाखाची नोंदवही नव्हे.

कॉर्सेटने जीव घुसमटायचा, हीही अशीच एक ऐकीव गोष्ट. त्यातल्या पट्ट्या देवमाशाच्या जबड्यातल्या, हाडाच्या नव्हे, तर नखासारख्या लवचिक द्रव्याच्या. दोरी ओवायची भोकं नुसत्या दोऱ्याने शिवलेली. फार करकचून आवळलं तर कापडच फाटायचं. भोकांना धातूच्या कड्या आल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र भपक्याविषयीचा आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यावर लोक खवळले ते तिच्या झगमगाटामुळे, असं आपण धरून चालतो. झगमगाटावर टीका झालीच. पण तिच्या एका चित्रावरून गहजब झाला तो चक्क साधेपणापायी!

1783 साली पॅरिसच्या लूव्रमधल्या 'सालों' या प्रदर्शनात एलिझाबेथ विजे ल ब्रं हिने राणीचं चित्र मांडलं. पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, कमरेला पिवळसर झिरझिरीत पट्टा, गवती हॅट, हातात गुलाब. दागिना एकही नाही. बघणाऱ्यांना वाटलं, राणी आतल्या कपड्यांवरच आहे. अशा झग्याला म्हणत 'शमीझ', आणि शमीझ म्हणजे मुळात आत घालायचा सदराच. दुसरी तक्रार पोटापाण्याची होती. राणीनेच रेशीम टाकलं, तर लिओंच्या विणकरांनी काय करायचं? उत्तम मलमल तेव्हा बंगालमधून जाई, म्हणजे अंगावर परदेशी माल! विलायती कापडाच्या होळ्यांच्या गोष्टी ऐकून मोठे झालेल्या आपल्याला हा वाद उलट्या बाजूने बघताना जरा गंमतच वाटते.

अखेर चित्र उतरवावं लागलं. विजे ल ब्रंने घाईने दुसरं रंगवलं. ढब जवळपास तीच, हातात गुलाबही तसाच, पण अंगावर निळसर-करडं रेशीम आणि गळ्यात मोती. व्हर्सायच्या संग्रहात आहे ते हे रेशमातलं चित्र.