शेततळ्याचा काठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामतीचा जिरायती पट्टा असो की इंदापूरची डाळिंब-द्राक्षांची शिवारे, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आता जागोजाग दिसतात. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले तरी बाग जगावी, हा त्यांचा उपयोग. या शेततळ्यांबद्दल एक समजूत पुन्हापुन्हा ऐकू येते: कडेला पाणी उथळ असते, आणि पोहता येणारा तिथे बुडत नाही. ही समजूत साफ चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसे जीव गमावतात.

शेततळ्याला उथळ कड नसतेच. बाजू साधारणपणे 1:1.5 उताराने खोदतात, म्हणजे दीड फूट पुढे सरकले की खोली फूटभर वाढते. भरलेल्या तळ्यात काठापासून 9 फुटांवर 6 फूट पाणी असते. हा उतार सुमारे 34 अंशांचा. मातीत टाच रुतते म्हणून असा उतार चढता येतो. 500 मायक्रॉनच्या, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीच्या कागदात ती रुतत नाही. पाण्याखालच्या भागावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढलेला असतो. त्यातच पाणी शरीराचा भार उचलून धरते, त्यामुळे पाय कागदावर पुरेसा दाबला जात नाही आणि घर्षण आणखी घटते. पोहणारा काठाशी येतो, तळवे टेकतो, गुडघा वर घेतो आणि घसरून पुन्हा पाण्यात जातो. असे काही वेळा झाले की दम संपतो. विहिरीत निदान पायरी, कपार, एखादे मूळ हाती लागते. इथे चारही बाजूंना धरायला काही नाही. पट्टीचा पोहणाराही इथे बुडतो, कारण त्याला बाहेर पडता येत नाही.

‘उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आले की भीती नाही’ हेही तितकेच खोटे. 10 फूट खोल तळे निम्मे रिकामे झाले तरी 5 फूट पाणी उरते, आणि काठ व पाणी यांच्यामध्ये 9 फुटांची घसरण उघडी पडते. लहान मुलासाठी एवढे पाणी डोक्यावरून जाणारे आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच तो नसणे अक्षम्य वाटते. चारही बाजूंना फूट-फूट अंतरावर गाठी मारलेला जाड दोर हवा. त्याचे एक टोक काठावर पक्क्या गाडलेल्या खांबाला बांधावे आणि दुसरे तळापर्यंत सोडावे. 10 फूट खोलीच्या तळ्यात नुसता उतारच 18 फुटांचा भरतो. दोर त्याहून लांब हवा. सोबत हवा भरलेली ट्यूब आणि भोवती कुंपण.

बुडणारा माणूस ओरडतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घेणेच जमत नाही, मग ओरडणार कसा? बहुतेक जण आवाज न करता बुडतात.

तळे माणसाला आत ओढते, हीही निव्वळ भीती. साठलेल्या पाण्याला ओढ नसते. उतार आणि शेवाळ पुरेसे असतात.

वाचवायला लगेच उडी घ्यावी, हा समज सर्वांत महाग पडतो, कारण वाचवणाराही त्याच कागदावरून घसरतो. काठावर आडवे होऊन दोर, साडी किंवा ट्यूब फेकावी.

बाहेर काढलेल्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढू नये. त्यात वेळ जातो, आणि पोटातले पाणी घशाशी येऊन फुप्फुसात शिरण्याचा धोका वाढतो. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देत छातीवर दाब सुरू करावा, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावावा.