घरफोडीनंतरचे कागद

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर कुलपं लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली ऊसतोडीच्या कोयत्यावरची माणसं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर घालून सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात निघतात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावरच माघारी येतात. काही घरांत मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. बाकीच्या दारांना लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नसल्याची जाहीर नोटीसच. चोराला टेहळणी करायचेही कष्ट नाहीत. बीड, अंबाजोगाई, परळीतल्या नोकरदारांच्या कॉलन्यांत हेच उन्हाळ्याच्या लग्नसराईत घडतं.

कडी-कोयंडा उचकटलेला, कोयंड्याचे स्क्रू लाकडाच्या ढलप्यांसकट उंबऱ्यात पडलेले, कपाटातल्या लॉकरचा पत्रा टॉमीने वाकवलेला, साड्यांचा ढीग पलंगावर, ज्वारीच्या कोठीतसुद्धा हात घातलेला. असं घर दिसलं की घरच्या बाईचा हात आधी आवराआवरीकडे जातो. ते समजण्यासारखं आहे, पण नेमकं तेच करू नये. तुटलेला कोयंडा आणि वाकलेला पत्रा हाच पुढे पुरावा असतो: ठसेतज्ज्ञांसाठी, पंचनाम्यासाठी, आणि विमा असेल तर कंपनीसाठीही. ११२ला फोन करावा, मोबाइलवर फोटो काढावेत आणि अंगणात बसून राहावं.

घरमालक तिकडे उसाच्या फडात असला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली. तिच्या कलम १७३नुसार गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. गावातल्या भावाने, शेजाऱ्यानेही खबर दिली तरी चालते. काय काय गेलं याची नक्की यादी घरधनीण परतल्यावर पुरवणी जबाबात देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावं, त्यापुढे मॅजिस्ट्रेटचं दार आहे. एफआयआरमध्ये कलमं कोणती लागली तेही पाहावं. घर फोडून केलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या ३३१ आणि ३०५ कलमांत बसते. सूर्यास्तानंतर घर फोडून चोरी केली तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत आहे. साध्या चोरीचं ३०३ कलम लावून भागवलं असेल तर तिथंच विचारावं.

खरी गोम फिर्यादीतल्या यादीत आहे. ‘सोन्याचे दागिने अंदाजे तीन तोळे, जु.वा.कि.अं.’ एवढ्यावर यादी उरकलेली असते. जु.वा.कि.अं. म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे, आणि तो अंदाज बाजारभावाच्या बराच खाली असतो, अशी तक्रार नेहमीची. किमतीपेक्षा वजन आणि वर्णन लिहून घेण्याचा आग्रह धरावा, कारण भाव रोज बदलतो, वजन बदलत नाही. गंठण किती ग्रॅमचं, वाट्या किती, काळे मणी किती सरींचे, झुंबराला कोणत्या रंगाचा खडा, अंगठीच्या आत अक्षर कोणतं. स्थानिक गुन्हे शाखेने पुढे टोळी पकडली तर तिच्याकडे दहा घरांचं सोनं निघतं. त्यातलं आपलं कोणतं, हे सांगता आलं नाही तर सापडलेलं सोनंही आपलं ठरत नाही. सराफाची पावती, तिच्यावरचा हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक, नाहीतर निदान लग्नातला फोटो ज्यात गळ्यातला दागिना स्पष्ट दिसतो, एवढं असलं तरी काम भागतं. ऊसतोडीच्या मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीच्या पैशातून घेतलेल्या सोन्याची पावती गावाकडच्या घरात क्वचितच सापडते, आणि सापडली तर त्याच फोडलेल्या कपाटात. तिचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये असावा.

अर्थात सोनं आटवलं की वर्णनही संपतं. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरच्या मंदिरातला सुवर्णगणेशाचा मुखवटा २४ मार्च २०१२ला चोरीला गेला. आरोपी सापडले, सोनंही सापडलं, पण आटवलेलं. नवा मुखवटा बसायला २०२१ उजाडलं. म्हणून पहिले काही दिवस मोलाचे.

फिर्यादीत ‘संशय कोणावर?’ असा प्रश्न येतोच. आष्टी-पाटोद्याकडे असा संशय पुष्कळदा पुराव्याशिवाय पारधी वस्तीकडे वळतो. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, गावाच्या मनातून मात्र गेलेला नाही. पाहिलेलं, ऐकलेलं काही असेल तर सांगावं. जात पाहून नाव घालणं हा अन्याय तर आहेच, शिवाय तपास भलतीकडे गेला की सोनं आटवायला खऱ्या चोराला सवड मिळते. घरातही असाच एक आरोपी तयार होतो: ‘तूच किल्ली शेजारी ठेवलीस.’ ज्या बाईचं स्त्रीधन गेलं, तिलाच महिनोन्‌महिने हे ऐकावं लागतं. रात्री पत्रा वाजला तरी ती उठून बसते. नवा कोयंडा आणि सोबतीला कुणीतरी झोपायला येणं, हा तिचा पहिला उपचार.

माल सापडला तरी तो थेट घरी येत नाही. तो ‘मुद्देमाल’ होऊन ठाण्यात पडतो. कुलाब्यातल्या एका व्यापारी कुटुंबाच्या घरी १९९८ साली दरोडा पडला. हस्तगत झालेलं सोनं न्यायालयामार्फत त्यांच्या हाती आलं जानेवारी २०२२मध्ये. तेव्हा साधारण १३ लाखांचं असलेलं ते सोनं एव्हाना आठ कोटींवर गेलं होतं. एवढं थांबायची गरज नाही. सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन मौल्यवान वस्तू लवकर परत द्याव्यात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७मध्ये तर मुदतच घातली आहे: माल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचं विवरण आणि त्यानंतर ३० दिवसांत आदेश. अर्ज मात्र आपणच करायचा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावं. बाईच्या नावे अर्ज असेल तर उत्पन्नाची अटही नाही.

आणि माल सापडलाच नाही तर? सरकार भरपाई देतं, असा समज गावोगाव आहे. तो खोटा आहे. पीडितांसाठीची योजना जीविताच्या आणि शरीराच्या हानीसाठी आहे, गेलेल्या गंठणासाठी नाही. दोषी ठरलेल्या चोराकडून भरपाई देववायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण चोराच्या खिशात काही उरलेलं असेल तर.

राहिला विमा. गृहकर्जासोबत काढलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घरफोडीला चालेल, या भरवशावर राहू नये. आग, पूर, भूकंप अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तीत बसते. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, दागिने त्यात नावानिशी दाखवावे लागतात, रोख रक्कम बहुधा वगळलेली असते. बारीक अक्षरात आणखी एक अट सापडते: घर सलग अमुक दिवस, अनेकदा ३०, रिकामं असेल तर संरक्षण थांबतं. म्हणजे ज्यांची घरं सहा-सहा महिने बंद, त्यांनाच हा विमा कुचकामी. कंपन्यांनी ऊसतोडीचा हंगाम डोळ्यासमोर ठेवून पॉलिसी आखलेली नाही, हे उघड आहे. शिवाय हरचंद राय खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पॉलिसीच्या व्याख्येत ‘बळाचा वापर’ असेल तर तो दिसायला हवा. पंचनाम्यात तुटलेला कोयंडा नोंदला नाही, तर दावा तिथंच अडतो. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी; ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षात तक्रार करावी. फी नाही, वकील नाही. बीडच्या ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांत जाता येतं.

सहा महिन्यांसाठी जाताना सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावं, हे त्यामानाने स्वस्त. २०२२पासून लॉकर फुटला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट; भाडं दीड हजार असेल तर दीड लाख. पतसंस्था बुडाल्याचे चटके बसलेल्या या जिल्ह्यात ‘घरातलंच बरं’ असं म्हणणाऱ्यांचा राग समजतो. पण हा नियम बँकांना आहे, आणि ठेव बुडणं व लॉकर फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासात काय झालं हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. चोर सापडला नाही तर ‘अ’ समरी होते, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. विमा कंपनी हाच कागद मागते. फिर्यादीत पत्ता गावचा असतो आणि त्या घराला हंगामभर कुलूप असतं. म्हणून फडात ज्या नंबरवर माणूस सापडेल तो नंबर, स्वतःचा नसेल तर मुकादमाचा, पहिल्या दिवशीच फिर्यादीत लिहून घ्यावा.