पाच हजारांच्या आतली सायकल

सोन्याचा भाव रोज सकाळी पेपरात येतो. भंगाराचा भाव प्रत्येक भंगारवाल्याच्या तोंडी असतो. जुन्या स्कूटरची किंवा मोटारीची किंमत काढायला विमा कंपन्यांकडे तक्ता आहे: पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के घट, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षाअखेर 50. जुन्या सायकलीसाठी असा तक्ता कुठेच नाही. तिची आरटीओत नोंद नसते, आरसी बुक नसतं, बहुतेक घरांत पावतीसुद्धा उरलेली नसते. तरी ती विकली जाते, नव्या सायकलीच्या बदल्यात दिली जाते, आणि दोन अनोळखी माणसं उभ्या उभ्या एका आकड्यावर येतात. हा आकडा ठरतो कसा, याचं कुतूहल मला फार वर्षांपासून आहे. त्याचा माग काढायला सुरुवात झाली मिस्त्रीच्या पान्यापासून, आणि शेवट झाला नव्या फौजदारी कायद्याच्या परिशिष्टात.

हा प्रश्न विचारायला भिलाईइतकी योग्य जागा थोडी असेल. 2 फेब्रुवारी 1955ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या गोंदिया, भंडारा, नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं इतर प्रांतांच्या लोकांबरोबर इथल्या सेक्टरांत येऊन राहिली. जमीन सपाट, रस्ते रुंद, झाडांची सावली, आणि घरापासून मेन गेट बहुतेकांना सायकलच्या टप्प्यात. तीन पाळ्यांच्या गावात बसची वाट पाहणं परवडत नाही. सिविक सेंटरला बाजार करायचा, नेहरू आर्ट गॅलरीत चित्रं पाहायची, तर तेही सायकलवरच. आज तिथे मोटारी लावायला जागा मिळत नाही, पण छत्तीसगड अजून सायकलवाल्यांचंच राज्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) इथल्या सुमारे 70 टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद आहे. देशाची सरासरी 50च्या आसपास. शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकल देणारी सरस्वती सायकल योजनाही याच राज्यातली. जिथे इतक्या सायकली, तिथे जुन्या सायकलीही तितक्याच.

आता मिस्त्रीकडे. जुनी काळी सायकल समोर आली की तो आधी मागचं चाक उचलून फिरवतो आणि ब्रेकच्या गुटक्याजवळ नजर लावतो. रिम डावी-उजवीकडे हलली तर चाकाला आऊट आहे. तो काढता येतो, पण आरे गंजून निपलात बसले असतील तर चाक पुन्हा बांधावं लागणार. मग क्रँक हातात धरून आडवा हलवतो. खटखट झाली तर कॉटर पिन झिजलेली किंवा आतले कप-कोन आणि छर्रे गेलेले. चेन मोजायची तर बारा इंचांत बारा पूर्ण जोड्या बसायला हव्यात. अष्टमांश इंच जास्त भरलं तर चेन ताणली आहे आणि बरोबर दातेही झिजले असणार. शेवटी हँडलखाली, जिथे दोन्ही दांडे पुढच्या नळीला मिळतात, तिथे बोट फिरवतो. रंगाला बारीक आडव्या भेगा किंवा पत्र्याला सुरकुती असली तर ही सायकल कुठेतरी समोरून धडकली आहे. तिथे बोलणं जवळजवळ संपतं. बाकी सगळं बदलता येतं. वाकलेल्या फ्रेमची सायकल मग सुट्या भागांच्या भावातच जाते.

म्हणजे जुन्या सायकलीचं वय कोणी विचारत नाही. चाकं, चेन, फ्रीव्हील, टायर, सीट यांत किती जीव उरला याची बेरीज करायची, ओव्हरऑइलिंगचा खर्च वजा करायचा, आणि खाली आधाराला लोखंडाचा भाव. काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते, तेव्हा भंगाराच्या दराखाली ती जाऊच शकत नाही.

ही बेरीज करता येते याचं कारण इंग्लंडमधल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रोडस्टरमध्ये आहे. 28 इंच गुणिले दीड इंचाचं चाक, म्हणजे टायर जिथे बसतो तिथे 635 मिलिमीटर व्यास. पुढे 32 आरे, मागे 40. अर्धा इंच गुणिले अष्टमांश इंचाची चेन. रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए या मापांनी आल्या. वरळीच्या हिंद सायकल्सने, आसनसोलच्या सेन-रॅलेने, 1949 साली मद्रासजवळ अंबत्तूरला सुरू झालेल्या टीआयने, 1951च्या सोनीपतच्या अ‍ॅटलासने आणि 1956च्या लुधियान्याच्या हीरोने तीच मापं चालू ठेवली. पुढे फ्रेमसाठी आयएस 623, रिमसाठी आयएस 624, टायरसाठी आयएस 2414 अशी भारतीय मानकं आली. परिणाम असा की हिंद आणि सेन-रॅलेचं 1980मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, नंतर दोन्ही बंद पडल्या, 2020च्या जूनमध्ये अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखानाही थांबला, पण त्यांच्या सायकली बेवारस झाल्या नाहीत. कंपनी बंद पडलेल्या मोटारीला कोणी हात लावत नाही; हिंदच्या सायकलीला लुधियान्याचं चाक आजही बसतं. आपल्या देशात सामान्य माणसाच्या मालमत्तेला इतकं भक्कम संरक्षण मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेलं नाही, आणि ते कुठल्या हमीपत्राने दिलं नव्हतं. एकसारख्या मापांनी दिलं होतं.

गिअरच्या सायकलींनी हे मोडलं. 26 इंची एमटीबीचं चाक 559 मिलिमीटरचं, साडेसत्तावीसचं 584, एकोणतीसचं 622. मागच्या चकत्या सात, आठ, नऊ, आणि नऊची चेन निराळी. डिस्क ब्रेकचे पॅड, सस्पेन्शनचा फोर्क, गिअरची शिफ्टर यंत्रणा: एक भाग मिळेनासा झाला की पूर्ण सायकल अडते. म्हणून पाच आकडी किमतीची सायकल तीन-चार वर्षांनी दुकानात नेली की मालकाला धक्का बसतो. दुकानदार बदल्यात जो आकडा देतो त्यातही गंमत नाही, हिशोब आहे. पुष्कळदा तो आकडा म्हणजे रोख खरेदीवर एरवीही मिळाली असती ती सूटच असते. जुनी सायकल देणाऱ्याने दोन आकडे वेगवेगळे विचारावेत: नवी सायकल काहीही न देता केवढ्याला, आणि जुनी देऊन केवढ्याला. मधला फरक हीच जुन्या सायकलीची खरी किंमत.

एका जागी मात्र मिस्त्रीचं गणित उलटं होतं, आणि तिथे वाद आहे. जमवणाऱ्याला मूळ रंग हवा, मूळ सीट हवी, झिजलेला का होईना पण मूळ बिल्ला हवा. मिस्त्रीच्या मते रंग उडालेली सायकल कोणी घेत नाही. तो आधी पॉलिश पेपर मारतो, काळा रंग देतो, नवे स्टिकर लावतो. या रंगाने बाजारात सायकलीचा भाव चढतो आणि संग्राहकाच्या नजरेत तीच सायकल मातीमोल होते. स्टर्मी-आर्चरच्या गिअर हबवर बनल्याचं साल आणि महिना ठोकलेला असतो, त्यामुळे इंग्लिश सायकलीचं वय हबवरून काढता येतं. पण हब बदलला की तो पुरावा गेला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी 2017मध्ये सायकल संग्रहालय सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. ती पाहिल्यावर मला संग्राहकांची बाजू पटते. तरीही ज्याला उद्या पहाटे पाळीला जायचंय त्याच्यासाठी मिस्त्रीच बरोबर आहे, आणि अशी माणसं संग्राहकांहून लाखपटींनी जास्त आहेत.

अर्थशास्त्रात जुन्या वस्तूंच्या बाजारावर एक गाजलेला निबंध आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970मध्ये जुन्या मोटारींवरून दाखवलं की विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. 2001च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. सायकलीला हे फारसं लागू पडत नाही असं माझं मत आहे, कारण तिचं सगळं यंत्र उघड्यावर असतं आणि पारखी हाताला दोष लगेच कळतात. लपून राहते ती एकच गोष्ट: ही सायकल कोणाची?

इथून प्रकरण गंभीर होतं. 1930च्या माल विक्री अधिनियमाचं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं एक अपवाद होता: ठरलेल्या खुल्या बाजारात, दिवसाढवळ्या, प्रामाणिकपणे घेतलेला माल चोरीचा निघाला तरी घेणाऱ्याचा राही. तो 1994मध्ये तिकडे रद्द झाला. आपल्या कायद्याने तो घेतलाच नव्हता. म्हणजे भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात रोख पैसे मोजून घेतलेली सायकल चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे जाणार, पैसे बुडणार, आणि चोरीची आहे हे ठाऊक असताना घेतली असं ठरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागणार. पावती नसलेल्या सायकलीला कमी भाव येतो तो यासाठी. फ्रेमवरचा नंबर घासलेला असेल किंवा ताज्या रंगाखाली गेला असेल, तर जाणता माणूस सायकल खाली ठेवून निघून जातो.

आता तो आकडा, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. जुन्या दंडसंहितेत चोरी म्हणजे चोरी. कलम 379खाली सायकल असो की सोनं, गुन्हा दखलपात्र होता. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 303(2)मध्ये एक परंतुक आहे. चोरलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. पहिल्या चुकीसाठी कोवळ्या पोराला तुरुंगात धाडू नये, या हेतूशी मी पूर्ण सहमत आहे. पण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, पहिल्या अनुसूचीत याच्या समोर दुसरी नोंद आहे: 5,000च्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र. आणि कलम 174 म्हणतं की अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांनी करायचा नाही.

म्हणजे सिविक सेंटरच्या बाजारातून जुनी सायकल गेली, तर पहिला प्रश्न तिच्या किमतीचा. साधी काळी सायकल नवी घेतली तरी पाच-सहा हजारांच्या आसपास जाते. वापरलेली तर नक्कीच पाचाच्या आत. बाजारभाव धरला तर देशातल्या बहुतेक चालत्या सायकलींची चोरी आता एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांच्या, वहीत जाते, आणि मालकाने कोर्टातून हुकूम आणावा लागतो. एका दिवसाची मजुरी बुडवून कोण जाणार? इटालियन दिग्दर्शक दे सिकाच्या 1948च्या चित्रपटात घरातल्या चादरी गहाण टाकून सोडवलेली सायकल चोरीला जाते, आणि पोलीस तक्रार लिहून घेऊन मालकाला सांगतात की शोध तूच घे. मग बाप-लेक बाजारात सुट्या भागांतून फिरतात, फ्रेमचा नंबर तपासतात. आपल्याकडे ती परिस्थिती आता कलमाने लिहून दिली आहे.

नागरिक सुरक्षा संहितेचा दुसरा आकडाही पाहावा. बेवारस माल मॅजिस्ट्रेटने विकायला सांगण्याची तरतूद 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 525 होती, 1973च्या संहितेत 459, आता 505. माल स्वस्त असेल तर तो विकून टाकता येतो, आणि स्वस्त म्हणजे किती, तर 1898मध्ये दहा रुपयांपेक्षा कमी. हे दहा रुपये 2005च्या दुरुस्तीपर्यंत तसेच राहिले, मग 500 झाले, आता 10,000. म्हणजे ठाण्याच्या आवारात मालकाची वाट पाहणारी जवळजवळ कोणतीही सायकल आता किमतीच्या आधारावर विकता येईल. एका अर्थी हे चांगलंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2002मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं होतं की जप्त माल पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त ठाण्यात पडू देऊ नये. गंजून गेलेल्या सायकलीपेक्षा विकलेली बरी. पण एकाच कायद्यात सायकल शोधायला फार स्वस्त आणि विकायला पुरेशी स्वस्त ठरते, हे मला खटकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. इथे किंमत म्हणजे जुन्या बाजारात काय मिळालं असतं ती धरू नये; तशीच, चालण्याजोगी सायकल पुन्हा मिळवायला काय खर्च येईल ती धरावी. पाळीला जाणाऱ्याचं नुकसान तेवढंच असतं. तक्रार लिहिताना फ्रेमचा नंबर, मेक, नव्या सायकलीचा आजचा दर आणि अलीकडे बसवलेल्या टायर-चेनचा खर्च लिहावा. नंबर सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या कण्याखालच्या भागावर ठोकलेला असतो. त्याचा फोटो आजच काढून ठेवता येतो.

हा उपायही किती टिकेल, सांगता येत नाही. 22 सप्टेंबर 2025पासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5वर आला. समजा त्याआधी एखादी साधी सायकल करासकट 5,200ला होती. पूर्ण सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोचली तर ती आता 4,875ला पडते. कर कमी झाला याचा आनंद आहेच. पण ती सायकल कोरी, पावतीसकट, दुकानातून बाहेर आल्याच्या दिवशीच चोरीला गेली, तरी आता एनसीच.