लग्नपत्रिकेतील नक्षीदार अक्षरे

लग्नसराई जवळ आली की आमच्या बीड जिल्ह्यात घरोघरी पत्रिकांचे ढीग पडू लागतात. अलीकडे या पत्रिकांत अक्षरांचा एक नवाच थाट दृष्टीस पडतो. उभा दंड अंगठ्यासारखा जाड, आणि त्यास जोडणारी रेषा केसासारखी बारीक. 'शुभविवाह' हा शब्द या थाटात मोठा छापला म्हणजे खरोखरच मन प्रसन्न होते. या जातीचे एक प्रसिद्ध वळण 'रोझा वन' या नावाचे असून ते इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केले. ते कोणासही विनामूल्य वापरता येते. त्यात नागरी व रोमन अशा दोन्ही लिपी आहेत.

या थाटाचे मूळ मात्र आपल्याकडील नव्हे. रोमन अक्षरांच्या टोकांस ज्या लहान आडव्या रेषा असतात त्यांस सेरिफ म्हणतात. रोम येथील ट्राजनाच्या स्तंभावरील इ. स. ११३ च्या शिलालेखात त्या उत्तम दिसतात. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सात दीदो व इटलीत बोदोनी यांनी जाड व बारीक रेषांतील अंतर फार वाढविले. नंतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओतकारांनी जाड रेषा आणखी फुगवून जाहिरातींकरिता 'फॅट फेस' काढला. हे अक्षर जन्मले भिंतीवरून ओरडण्यासाठी. पुस्तक वाचण्यासाठी नव्हे.

नागरीस सेरिफ नाही. तिला शिरोरेषा आहे. तिची जाडी-बारीकी बोरूच्या छाटणीतून येते, आणि ही छाटणी रोमन लेखणीच्या उलट बाजूस तिरकी असते. म्हणून रोमन अक्षरातील जाडी उचलून तशीच नागरीवर लादता येत नाही. अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. एवढा विस्तार व कापडासारखे खरखरीत साधन असता तेथे केसासारखी रेषा कशी टिकावी? साधनाचा मान राखूनच अक्षर सजवावे लागते.

खिळ्यांच्या काळीही हाच नियम होता. मुंबईस जावजी दादाजी यांनी १८६४ साली अक्षरे ओतण्याचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी ठसे कोरले. ज्यांनी निर्णयसागरी संस्कृत ग्रंथ वाचले आहेत त्यांस वर मोठ्या अक्षरांतील मूळ व खाली लहान अक्षरांतील टीका आठवत असेल. ती टीका बारीक असूनही डोळ्यांस का बोचत नाही? खिळ्यांच्या पद्धतीत प्रत्येक मापाचा ठसा निराळा कोरावा लागे, आणि जाणता कारागीर लहान मापात बारीक रेषा थोडी जाड ठेवी, पोकळी थोडी मोकळी ठेवी. आता संगणकावर बहुधा एकच आकृती असते. तीच मोठी केली की शीर्षक, तीच आकसली की मजकूर. रेषेची जाडीही त्याच प्रमाणात आकसते, आणि केसासारखी रेषा कागदावर नाहीशी होते.

रोमन अक्षरांत अशी रेषा गेली तरी वाचक अंदाजाने शब्द ओळखतो. नागरीत ती गेली की अर्थच बदलतो. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' यांतील भेद एवढ्याशा गाठीवर व शिरोरेषेच्या खंडावर उभा आहे. आमच्या नात्यातील एका पत्रिकेत वधूचे नाव 'भारती' असता पाहुणे 'मारती' असे वाचू लागले. निमंत्रकांची यादी याच थाटात, परंतु मोहरीएवढ्या अक्षरांत होती. ती वाचताना आत्याबाईंस आपले स्वतःचे नाव सापडेना. त्या वयाने घरात सर्वांत वडील. त्यांना वाटले, आपणांस वगळले! दोन दिवस त्या जेवणाच्या पंक्तीस आल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट मराठी घरांनी मुद्दाम पाहावी. कित्येक नक्षीदार वळणे हिंदी नजरेसमोर ठेवून केलेली असतात. त्यांत 'ल' दंडयुक्त व 'श' शेंडीयुक्त येतो. आपल्या पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' यांचा वापर व्हावा असे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरविले आहे. त्याहून अवघड प्रकरण 'ऱ्ह', 'ऱ्य' यांचे. हा चंद्रकोरीसारखा रफार हिंदीस लागत नाही. म्हणून काही वळणांत तो नसतोच, आणि मग 'कऱ्हाडे' हा शब्द छापताना भलताच रफार डोक्यावर चढून बसतो. आपल्या पोटजातीचे नाव पत्रिकेत असे विद्रूप झालेले पाहून कोणा कऱ्हाड्यास आनंद होईल?

तेव्हा नक्षीदार अक्षरे टाकूनच द्यावीत असे माझे म्हणणे नाही. 'शुभविवाह', वधूवरांची नावे, फार तर कुलदेवतेचे स्मरण, एवढे या थाटात व निदान बोटाच्या पेराएवढ्या उंचीत शोभते. मुहूर्त, स्थळ व निमंत्रकांची नावे साध्या, समान जाडीच्या अक्षरांत असावीत. छापण्यापूर्वी कच्चा कागद मागवून तो घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती, रात्री दिव्याखाली, मोठ्याने वाचण्यास द्यावा. जेथे अडखळेल तेथे अक्षर बदलण्यास छापखानदारास सांगावे. आत्याबाई हल्ली आमच्याकडील प्रत्येक पत्रिका अशीच तपासतात, आणि अडखळल्या की चष्म्यास नव्हे, छापखानदारास दोष देतात.